एका शेवटाशी भांडण

दिवाळीच्या फराळाच्या ताटात भांडण वाढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला मान्य आहे. तरीही आज मी एक भांडण घेऊनच वाचकांपुढे बसलो आहे. कारण ते एका तपाहून अधिक काळ माझ्यापाशी पडून आहे, आणि वर्षभर ज्यांना ऐकायला सवड नसते ती घरातली मंडळी या चार दिवसांत तरी एका जागी सापडतात.

भांडण आहे एका शेवटाशी. कादंबरीच्या नव्हे, नाटकाच्या नव्हे, तर एका व्हिडिओ गेमच्या शेवटाशी. हे वाचताच काही वडीलधारी मंडळी चष्म्यावरून पाहतील हे मी जाणून आहे. खेळाचा कसला आला आहे शेवट? डाव संपला, पत्ते पेटीत गेले! पण खेळाच्या शेवटावरून भांडू नये असे निदान ज्यांच्या घरी महाभारत वाचले जाते त्यांनी तरी म्हणू नये. एका द्यूताचा निकाल जिव्हारी लागला आणि अठरा अक्षौहिणी सैन्य कुरुक्षेत्रावर कामास आले. माझ्या भांडणात रक्त सांडले नाही. शाई मात्र पुष्कळ सांडली, आणि काही केकही त्यात खर्ची पडले. त्या केकांची हकिगत पुढे येईलच.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातील एडमंटन शहरी 'बायोवेअर' नावाची कंपनी आहे. १९९५ साली ती ज्यांनी काढली ते चक्क वैद्यक शिकलेले डॉक्टर होते. या कंपनीने २००७ साली 'मास इफेक्ट'चा पहिला भाग काढला, २०१० साली दुसरा आणि मार्च २०१२ मध्ये तिसरा. गोष्ट बाविसाव्या शतकाच्या अखेरीची. माणूस ताऱ्यांपर्यंत पोहोचला आहे. तिथे त्याच्या आधीपासून नांदणाऱ्या अनेक जमातींशी त्याचे कधी सख्य तर कधी वाकडे आहे. आणि दर पन्नास हजार वर्षांनी अंधारातून येऊन साऱ्या प्रगत जमातींचे निर्दाळण करणारी 'रीपर' नावाची प्रचंड यंत्रे पुन्हा येऊ घातली आहेत. या प्रलयाशी झुंजायचे ते कमांडर शेपर्डने. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री हे खेळणाऱ्याने ठरवायचे, चेहराही त्यानेच घडवायचा. आमची शेपर्ड बाई होती.

एवढ्यावर थांबले असते तर विशेष काही नव्हते. विशेष होते ते असे, की पहिल्या भागात तुम्ही जे जे ठरवाल ते संगणकावर जपून ठेवलेल्या फाइलमधून दुसऱ्या भागात जाईल, आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात. ज्याला तुम्ही मरू दिले तो पुढे येणार नाही. ज्याला जगवले तो येईल, ओळख देईल, जुन्या गोष्टी काढील. कथा सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला पंगतीतून उठवून स्वयंपाकघरात नेले आणि म्हटले, मीठ तुम्हीच घाला. खारट झाले तरी पुढची पाच वर्षे तुम्हालाच खायचे आहे.

'आमची' शेपर्ड म्हणालो, ते उगीच नव्हे. ती मी आणि माझा धाकटा भाऊ अशी दोघांची होती. संगणक एक, खुर्च्या दोन. पहिल्या भागात विर्मायर नावाच्या ग्रहावर असा प्रसंग येतो, की दोन सोबती दोन ठिकाणी अडकले आहेत आणि वेळ एकालाच सोडवण्यापुरता आहे. एक ॲश्ली विल्यम्स, दुसरा केडन अलेंको. कितीही हुशारी लढवा, दोघे वाचत नाहीत. भाऊ म्हणाला, "दादा, केडनला घे." माउस माझ्या हाती होता, मी ॲश्लीला घेतले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईला वाटले, पैशांवरून काही बिनसले असावे.

आता मुद्द्याकडे येतो. तिसऱ्या भागाच्या शेवटाबद्दल जे बोलतात ते अखेरच्या दहा मिनिटांबद्दल बोलतात. मला हे मुळातच चुकीचे वाटते. तिसरा भाग हा सगळाच्या सगळा शेवट आहे, आणि त्या दहा मिनिटांपर्यंत तो मी पाहिलेल्या उत्तम शेवटांपैकी एक आहे. क्रोगन लोकांची गोष्ट पाहा. क्रोगन ही दांडगी, लढाऊ जमात. सलारियन नावाच्या बुद्धिमान जमातीने त्यांना आपल्या एका युद्धासाठी वर आणले, आणि पुढे ते डोईजड होताच त्यांच्यावर 'जेनोफेज' नावाचा असा रोग सोडण्यात आला की त्यांची बहुतेक मुले मृत जन्मावीत. मॉर्डिन सोलस हा सलारियन शास्त्रज्ञ. रोग ओसरू लागला तेव्हा त्याला पुन्हा धार लावण्याच्या कामात त्याचा हात होता. ते आवश्यक होते हे तो दुसऱ्या भागात आकडेमोड करून सांगतो. पण सांगताना त्याचा आवाज जसा भराभर चालतो त्यावरून कळते की या माणसाला झोप लागत नाही. तिसऱ्या भागात रोगाचा उतारा तयार होतो, आणि तो आकाशात सोडण्यासाठी कोसळत्या मनोऱ्यावर कोणीतरी जायला हवे असते. मॉर्डिन जातो. गुणगुणत जातो. त्याला थांबवता येते. पाठमोऱ्या मॉर्डिनवर गोळी झाडण्याची सोयसुद्धा खेळात आहे. आम्ही दोघांनी माउसवरचे हात काढून घेतले होते.

आणि हे सर्वांच्या वाट्याला सारखेच येत नाही, यातच त्याची थोरवी आहे. पहिल्या भागात रेक्स नावाचा क्रोगन तुमच्या हातून मेला असेल तर त्याच्या जागी त्याचा भाऊबंद रीव्ह गादीवर असतो, आणि तो असा आडदांड, की या लोकांना बरे करावे की नाही असा प्रश्न भल्या माणसालाही पडावा. दुसऱ्या भागात मॉर्डिनच मेला असेल तर मनोऱ्यावर दुसराच कोणी जातो. म्हणजे पाच वर्षांपूर्वी घातलेले मीठ इथे जिभेला लागते.

तीच गोष्ट रॅनॉक ग्रहाची. क्वेरियन लोकांनी 'गेथ' नावाची यंत्रे घडवली. एके दिवशी यंत्र विचारू लागले, मला आत्मा आहे काय? क्वेरियन घाबरले, त्यांनी यंत्रे बंद पाडायला घेतली, यंत्रांनी हत्यार उचलले, आणि निर्माते तीनशे वर्षे घर सोडून जहाजांतून भटकत राहिले. तिसऱ्या भागात या दोघांत तह होऊ शकतो, पण फुकट होत नाही. दुसऱ्या भागात टाली या क्वेरियन मुलीवर तिच्याच लोकांनी खटला भरला तेव्हा तुम्ही कसे वागलात, टाली आणि लीजन नावाचा गेथ यांच्यातले भांडण तुम्ही कसे मिटवलेत, या सगळ्याची तिथे नोंद निघते. नोंद वाईट असेल तर दोहोंपैकी एका जमातीचा तुमच्या डोळ्यांदेखत अंत होतो. आमच्या घरी तह झाला. मी सोसायटीच्या कमिटीत काही वर्षे काढली आहेत. दोन मजल्यांमध्ये पाण्यावरून तह घडवणे मला साधले नाही, पण रॅनॉकवर साधले, याचा आनंद मी लपवीत नाही.

यानंतर ती दहा मिनिटे येतात.

लंडनच्या अवशेषांतून रक्तबंबाळ शेपर्ड आकाशातल्या किल्ल्यावर पोहोचते. तिचा वडिलांसारखा वरिष्ठ अँडरसन तिच्या शेजारी बसून प्राण सोडतो; हा प्रसंग सुंदर आहे. मग एक चौथरा वर उचलला जातो, आणि एका लहान मुलाच्या रूपात एक प्रकाशमय आकृती तिच्यापुढे उभी राहते. ही आकृती सांगते, की रीपर यंत्रे माझीच आहेत. सजीव आणि त्यांनी घडवलेली यंत्रे यांच्यात कधीही समेट होऊ शकत नाही. यंत्रे शेवटी सजीवांना संपवतातच. म्हणून मी वेळोवेळी पीक कापून घेतो. आता तू इथवर आलीसच, तर तीन वाटा घे: लाल वाटेने यंत्रांचा नाश, निळ्या वाटेने त्यांच्यावर सत्ता, हिरव्या वाटेने सजीव आणि यंत्र यांचे एकीकरण.

माझा सारा राग या ठिकाणी साठला आहे. समेट होऊ शकत नाही? अहो, मी तो आत्ताच घडवून आलो आहे! खाली पृथ्वीसाठी लढणाऱ्या आरमारात क्वेरियन आणि गेथ खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आणि हे वाक्य शेपर्डला बोलता येत नाही. तीन खेळ, पाच वर्षे, शेकडो संवाद. राजदूतांशी, गुंडांशी, रीपरांशीसुद्धा जी बोलत आली, जिचे शस्त्र बंदुकीपेक्षा जीभ हेच अधिक होते, तिला ऐन निवाड्याच्या वेळी वकिलाविना उभे केले आणि वर तोंडही बांधले. ती लंगडत तीनपैकी एका वाटेने जाते. त्या त्या रंगाचा स्फोट होतो, ताऱ्यांना जोडणारी महाद्वारे फुटतात, आणि जे सोबती घटकेपूर्वी लंडनमध्ये आपल्या बरोबर धावत होते ते कुठल्याशा रानटी ग्रहावर पडलेल्या जहाजातून सुखरूप बाहेर येतात. तिथे ते कसे पोहोचले याचा खुलासा नाही. अगदी शेवटी एक म्हातारा एका बालकाला शेपर्डची कथा सांगतो. म्हाताऱ्याला आवाज दिला आहे तो १९६९ साली चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या बझ ऑल्ड्रिन यांनी. एवढा थोर आवाज विरतो न विरतो तोच पडद्यावर पाटी येते, की तुम्ही आख्यायिका झाला आहात, आता पुढची वाढीव प्रकरणे उतरवून घेऊन ती आख्यायिका वाढवा. स्मशानातून परतणाऱ्याच्या हाती वाण्याने भावपत्रक द्यावे, तसे हे झाले.

त्या रात्री भावाचा फोन आला. तो तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरी गेला होता. फाइलची एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे. "दादा, हे काय केलं रे त्यांनी?" एवढेच म्हणाला. मी त्याची समजूत घालू लागलो, की अरे, शोकांतिका अशीच असते. तो म्हणाला, "शोकांतिकेचं काही नाही मला. केडन मेला तेव्हा मी रडलोच होतो ना? पण तेव्हा का मेला ते मला माहीत होतं."

एरवी बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर तासभर बोलणाऱ्या माझ्या भावाने हे दोन वाक्यांत सांगितले, आणि पुढे जगभरच्या टीकाकारांनी रकानेच्या रकाने भरून ते ऐकायचे नाकारले. कारण वादळ उठले ते केवढे! जगभरच्या खेळाडूंनी चळवळ उभारली. लहान मुलांच्या इस्पितळांना खेळणी देणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेसाठी त्यांनी थोड्या दिवसांत ८०,००० डॉलरांहून अधिक निधी जमवला, हेतू हा की आपला राग विधायक दिसावा. काही देणगीदारांना वाटले की या पैशांतून नवा शेवट बनणार आहे. शेवटी संस्थेलाच हा निधी थांबवावा लागला. कोणी एकाने तर अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे फसवणुकीची तक्रार नोंदवली. आणि काही जणांनी वर्गणी काढून एडमंटनच्या कचेरीत ४०२ छोटे केक धाडले. केक तीन रंगांचे, लाल, निळे आणि हिरवे. चव मात्र सगळ्यांची एकच, व्हॅनिला. टीकालेख मी पुष्कळ वाचले आहेत, परंतु इतका नेमका एकही नाही. कंपनीने ते केक निराधार तरुणांच्या एका आश्रयगृहाला देऊन टाकले, हेही नमूद केले पाहिजे.

यावर शहाण्या लोकांनी दोन प्रकारे तोंड उघडले. एक म्हणाले, ही लाडावलेली पोरे आहेत. यांना गोड शेवट हवा. दुसरे म्हणाले, कलावंताचे स्वातंत्र्य अबाधित आहे. त्याने केलेला शेवट निमूटपणे घ्यावा. पहिल्यांना भावाचे वाक्य पुरे आहे. दुसऱ्यांशी मात्र मला थोडे भांडायचे आहे.

कलावंताचे स्वातंत्र्य मलाही प्यारे आहे. 'एकच प्याला'तली सिंधू वाचावी म्हणून कोणी गडकऱ्यांच्या दारात धरणे धरले असते तर मी त्याला हाकलायला गेलो असतो. पण गडकऱ्यांनी प्रेक्षकाला मीठ घालायला बोलावले नव्हते. बायोवेअरने बोलावले. खेळाचे दिग्दर्शक केसी हडसन यांनी तर प्रकाशनाच्या आधीच्या मुलाखतीत असे सुचवले होते, की कोणाला 'अ' शेवट मिळाला, कोणाला 'ब', कोणाला 'क', असा हिशेब इथे करता येणार नाही. प्रत्यक्षात तो तीन रंगांत करता आला. ज्याने आपले स्वातंत्र्य स्वखुशीने वाटून टाकले आणि त्या वाटणीच्या भरवशावर तीन भाग विकले, त्याने चौथ्या अंकाला 'मी एकटाच कर्ता' असे म्हणणे याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. भागीदारीतून हात काढून घेणे म्हणतो. आम्ही गोडधोड मागत नव्हतो. हिशेब मागत होतो.

इथवर मी माझ्या पक्षाचा वकील होतो. आता माझ्या पक्षाविरुद्ध साक्ष देणे भाग आहे.

आम्ही हिशेब मागायला निघालो आणि वाटेत कधीतरी 'दुरुस्ती' मागू लागलो. मार्च २०१२ मध्येच कंपनीचे एक संस्थापक डॉ. रे म्यूझिका यांनी खुले पत्र लिहिले. त्यात कलेची सचोटीही राखू आणि तुमचेही ऐकू, असे आश्वासन होते. २६ जून २०१२ रोजी वाढवलेला शेवट आला, तोही विनामूल्य. महाद्वारे कायमची नष्ट झाली नाहीत असे त्यात सांगितले. सोबती जहाजावर कसे पोहोचले तेही दाखवले. कोण जगले, कोणाचे काय झाले, याची चित्रे एकामागून एक पडद्यावर येतात आणि पाठीमागे कोणीतरी गंभीर स्वरात समारोप करते. शिवाय तिन्ही वाटा नाकारण्याची चौथी वाटही ठेवली. फक्त ती घेतली की सर्वांचा नाश होतो आणि विजय पुढच्या युगातल्या लोकांना मिळतो. 'नाही म्हणायचे होते ना? म्हणा!' असा काहीसा त्याचा सूर मला लागला. कदाचित तो माझा संशय असेल.

भाऊ समाधान पावला. मी ती चित्रे पाहिली आणि मला शाळेच्या वार्षिक अहवालाची आठवण झाली. सगळे नीट होते. प्रत्येक शंकेला उत्तर होते. पण त्या प्रकाशमय मुलाला रॅनॉकची आठवण करून देऊन त्याला निरुत्तर करण्याची सोय अजूनही नव्हती. आणि आमची मूळ तक्रार तर तीच होती. गळक्या घराबद्दल ओरड केली तर मालकाने भिंतींना रंग काढून दिला. आता गळतीबद्दल पुन्हा बोलायलाही तोंड उरले नाही.

शेवट बदलू नये असे माझे म्हणणे नाही. वाल्मीकीची सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीला ते सोसवले नाही, आणि 'उत्तररामचरिता'त त्याने राम-सीतेचे मीलन घडवले. परंतु भवभूतीने वाल्मीकीच्या आश्रमाबाहेर मंडप घातला नाही. त्याने स्वतःचे नाटक लिहिले, आणि वाल्मीकीचे रामायण होते तिथेच राहिले. आमच्यातल्याही काहींनी हेच केले. कोणी स्वतः खटपट करून सुखान्त जोडला आणि तो इतरांना वाटला. आणि काहींनी तर कीर्तनकाराने तोंडात बोट घालावे असे निरूपण रचले, की शेवटचा सारा प्रसंग म्हणजे रीपरांनी शेपर्डच्या मनावर टाकलेली भूल आहे. आधीची स्वप्ने, त्यांतल्या सावल्या, ढिगाऱ्याखाली तिने घेतलेला तो एक श्वास, सगळे पुरावे त्यांनी ओळीने लावून दाखवले. मला ते पटत नाही. पण रागावलेल्या श्रोत्याने मूळ कथेला एवढा मान दिल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

कंपनीनेही मार्च २०१३ मध्ये 'सिटाडेल' नावाचे एक वाढीव प्रकरण काढले. त्यात काही फुटकळ लढाई आहे. मुख्य म्हणजे शेपर्ड आपल्या घरी सगळ्या सोबत्यांना जेवायला बोलावते, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी घर जसे दिसते तशी सकाळ होते. हे प्रकरण कथेत अंतिम युद्धाच्या आधी घडते. त्यात विश्वाच्या भवितव्यावर कोणी व्याख्यान देत नाही. मला निरोप मिळाला तो तिथे.

मग भांडण संपायला हवे होते. ते पुन्हा उकरण्याचे कारण असे: १४ मे २०२१ रोजी तिन्ही भाग नव्या साजात एकत्र निघाले. मी उत्साहाने घेतले. चेहरे उजळले आहेत. टालीचा चेहरा दाखवण्यासाठी मूळ खेळात बाजारात विकत मिळणाऱ्या एका छायाचित्रावर कारागिरी केली होती, तेही आता बदलले आहे. पण शेवटी पोहोचलो तेव्हा लक्षात आले, की यात तो वाढवलेला शेवटच तेवढा आहे. पहिला शेवट, ज्याच्यावर आम्ही केक पाठवले, निधी जमवला, घसे कोरडे केले, तो या आवृत्तीत कुठेच नाही. आज जो मुलगा हा खेळ पहिल्यांदा खेळेल त्याला कळणारही नाही की आम्ही कशावर चिडलो होतो. तो म्हणेल, शेवट ठीक तर आहे!

हे मला त्या दहा मिनिटांपेक्षाही अधिक लागले. वाईट शेवट हा आमचा होता. तो पाहून त्या रात्री भावाने मला फोन केला होता. तो सुधारून घ्यायचा हट्ट आम्ही धरला आणि सुधारताना मूळ प्रत कोणी जपायची हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. चुकीच्या कवितेवरसुद्धा कवी एक काट मारतो, खाली शब्द दिसत राहतात. इथे काटही दिसत नाही. कंपनीने दोन्ही शेवट शेजारी शेजारी ठेवायला हवे होते, एवढे माझे आजचे मागणे आहे. आणि २०१२ साली मी गप्प बसायला हवे होते काय, याचे उत्तर मला अजून देता येत नाही.

माझ्या नव्या संगणकाला डिस्क घालायची फटच नाही. जुना संगणक आईकडे माळ्यावर आहे. त्यात तो पहिला शेवट आहे, आणि पाच वर्षांची फाइलही. यंदाच्या साफसफाईत आईने तो भंगारवाल्याला द्यायचे ठरवले. ही बातमी भावाला कोणी सांगितली कोण जाणे. परवा त्याचा फोन आला.

"दादा, त्यात आपली शेपर्ड आहे ना रे?"

"आहे."

"मग आईला थांबव आधी."

"ॲश्लीपण आहे त्यात," मी म्हटले.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "असू दे."